वेग वाढवण्याआधी खोलीचा पारा पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वार्षिक परीक्षा आटोपल्या की गेमिंगचा संगणक जुळवून घेणाऱ्यांची दुकानांत वर्दळ सुरू होते आणि त्या दिवसांत एक वाक्य हमखास कानी पडते : ‘ओव्हरक्लॉक करून देतो, वेग फुकटात वाढेल.’ ओव्हरक्लॉक म्हणजे चिपला कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणे. पोटाला चिमटा काढून साठ-सत्तर हजार रुपये जमवलेल्या पालकांना ‘फुकट’ हा शब्द गोड लागणारच. म्हणून या वेगाचा हिशेब आकड्यांनिशी मांडतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात प्रोसेसरचे व्होल्टेज चढवून मिळवलेला वेग बहुतेक गेममध्ये दिसतच नाही. ज्या दोन गोष्टींनी फरक खरोखर दिसतो, त्या म्हणजे रॅमचे प्रोफाइल (तिच्यावर छापलेल्या वेगाची तयार सेटिंग) सुरू करणे आणि ग्राफिक्स कार्डाचे व्होल्टेज उलट कमी करणे. नेमक्या याच दोन गोष्टींना पुष्कळ संगणकांत कोणी हात लावलेला नसतो.

फुकटचा वेग ही कल्पना एके काळी खरी होती. १९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर ३०० मेगाहर्ट्झचा. मदरबोर्डची बस, म्हणजे प्रोसेसरला ताल देणारा मूळ वेग, ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की ४.५ या ठरलेल्या गुणकाने तो थेट ४५० वर धावायचा. दीडपट वेग, एक रुपयाही न घालता. आज ती शिल्लक उरलेली नाही. एएमडीच्या रायझन ५ ५६०० या प्रोसेसरचा मूळ वेग ३.५ गिगाहर्ट्झ, पण तापमान आणि वीज परवडत असेल तर तो आपला आपणच ४.४ पर्यंत चढतो. म्हणजे पूर्वी हौशी माणूस रात्र जागून जे करायचा ते आता चिप स्वतःच, सेकंदाला अनेकदा, करते. हाताने आणखी ताणायला उरते ती जेमतेम तीन ते सहा टक्क्यांची जागा. शिवाय सगळ्याच चिपा उघड्या, म्हणजे वेग बदलू देणाऱ्या, नसतात. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी ‘के’ असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड असेल तरच गुणक बदलता येतो. ‘के’ नसलेला आय ५ १२४००एफ आणि साधा बी ६६० बोर्ड घेतलेल्या गिऱ्हाइकाला कोणी प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून देतो म्हणाले, तर नेमके काय बदलणार हे विचारावे. एएमडीचे बहुतेक रायझन उघडे असतात, पण ए ३२० आणि ए ५२० बोर्ड तशी मुभा देत नाहीत.

आता किंमत पाहू. चिपमध्ये खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सगळी गोम या वर्गात आहे. समजा ४.२ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ४.६ वर न्यायचा आहे आणि तिथे तो स्थिर राहावा म्हणून १.२० व्होल्टचे १.३५ करावे लागले. वेग वाढला साडेनऊ टक्के. वीज वाढली सुमारे ३८ टक्के. ही सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते आणि प्रोसेसरवर बसवलेला, हवेवर चालणारा कूलर त्याला खोलीच्या तापमानाखाली कधीच नेऊ शकत नाही. तो फक्त खोलीपेक्षा किती अंश वर राहायचे ते ठरवतो. मूळ सेटिंगवर हा फरक ४५ अंशांचा असेल तर ३८ टक्के जास्त विजेवर तो ढोबळमानाने ६२ अंशांचा होतो.

इथे परदेशी परीक्षणे आपल्या वाचकाला चकवतात. ती बहुधा वातानुकूलित, २० ते २२ अंशांच्या खोलीत केलेली असतात. तिथे वरचा प्रोसेसर ६७ वरून ८४ अंशांवर जाईल आणि परीक्षक लिहील की तापमान आटोक्यात आहे. तोच संगणक मे महिन्यात नागपूर, अकोला किंवा चंद्रपूरच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवा. बाहेर पारा ४४-४५ वर असताना खोली सहज ३८ अंशांची असते. मूळ सेटिंगवर ८३ अंश, ओव्हरक्लॉक केल्यावर १०० अंश. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची, रायझन ७००० मालिकेची ९५ अंशांची. ती गाठली की चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवते. मग विकत घेतलेला वेग दुपारी नाहीसा होतो आणि गेम मधूनमधून अडखळायला लागतो. पुण्यात डिसेंबरात केलेले सेटिंग मे महिन्यात का टिकत नाही, याचे उत्तर एवढेच आहे.

तरीही वेग हवाच असेल तर आधी अडथळा कुठे आहे ते मोजावे. प्रत्येक फ्रेमसाठी, म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक चित्रासाठी, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांनाही काम करावे लागते आणि जो हळू, तो वेग ठरवतो. प्रोसेसरला एका फ्रेमला १० मिलिसेकंद आणि कार्डाला १४ मिलिसेकंद लागत असतील तर पडद्यावर सेकंदाला ७१ फ्रेम येतील. प्रोसेसर दहा टक्क्यांनी पळवला, त्याचे काम ९.१ मिलिसेकंदांत उरकले, तरी पडद्यावर ७१ च. सायबरपंक २०७७ सारखा गेम रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचे जड गणित) लावून खेळणाऱ्यांची बहुधा हीच अवस्था असते. उलट व्हॅलोरंटमध्ये चांगले कार्ड असेल तर भार प्रोसेसरवर येतो. तिथे २०० च्या २१० फ्रेम होऊ शकतात, पण समोरचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रे दाखवणारा, असेल तर त्यातला फरक डोळ्याला दिसणे अवघडच, आणि ६० हर्ट्झचा असेल तर बोलायलाच नको.

तपासणी सोपी आहे. एमएसआय आफ्टरबर्नर हे ग्राफिक्स कार्डाचे सॉफ्टवेअर घालून खेळताना कार्डाचा वापर पडद्यावर दिसू द्यावा. तो ९५ ते ९९ टक्के असेल तर अडथळा कार्डाचा आहे. ६०-७० टक्क्यांवर लोळत असेल आणि फ्रेमवर कुठलीही मर्यादा लावलेली नसेल, तर प्रोसेसर किंवा रॅम कमी पडते आहे. खात्रीसाठी गेमचे रिझोल्यूशन ७२० वर आणावे, म्हणजे कार्डाचे काम हलके होते. फ्रेम भरपूर वाढल्या तर कार्ड हाच अडथळा होता. जवळपास तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर. आणि केवळ सरासरीकडे पाहू नये. सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा आकडा, ज्याला ‘वन पर्सेंट लो’ म्हणतात, तो हाताला जाणवतो. सरासरी ९० आणि हा आकडा ३५ असेल तर गेम खडखडतो. सरासरी ८० आणि तो ६५ असेल तर लोण्यासारखा चालतो. कॅपफ्रेमएक्स हे मोफत साधन तो मोजून देते.

आता रॅम, जिचे महत्त्व दुकानात सर्वांत कमी सांगितले जाते. डब्यावर ३२०० लिहिलेली पुष्कळ डीडीआर ४ रॅम बोर्डावर बसवल्याबरोबर २१३३, २४०० किंवा २६६६ वर चालते. त्यापुढच्या पिढीची, डीडीआर ५ ची, ६००० ची जोडी ४८०० वर. छापलेला वेग मिळवायला बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) जाऊन प्रोफाइल सुरू करावे लागते. संगणक चालू होताना डिलीट किंवा एफ २ दाबावे, एक्सएमपी, एक्सपो किंवा काही बोर्डांवर डीओसीपी अशा नावाचा पर्याय निवडावा आणि एफ १० दाबून जतन करावे. विंडोज उघडल्यावर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी, तिथे ‘स्पीड’ बघावा. एवढ्याने काम होते आणि ज्यांच्या संगणकात हे राहून गेले होते त्यांना गेममधला अडखळेपणा कमी झाल्याचे प्रोसेसर ताणल्यापेक्षा जास्त जाणवते.

केवळ मेगाहर्ट्झचा आकडा बघून रॅम घेऊ नये. सीएल, म्हणजे माहिती द्यायला रॅम किती ठोके घेते, या आकड्याला दोन हजारांनी गुणून रॅमच्या वेगाने भागले की नॅनोसेकंदांत विलंब मिळतो. ३२०० सीएल १६ म्हणजे १० नॅनोसेकंद, ३६०० सीएल १८ म्हणजेही १०, ६००० सीएल ३० म्हणजेही १०. मात्र ६००० सीएल ४० म्हणजे १३.३. स्वस्तात मिळालेल्या ‘सहा हजारच्या’ रॅमचे गुपित बहुधा इथे असते. रायझन ७००० साठी ६००० हा मुक्काम चांगला. साधारण ६४०० च्या पुढे बहुतेक चिपांचा मेमरी कंट्रोलर (रॅमशी बोलणारा भाग) निम्म्या वेगावर टाकावा लागतो आणि आकडा वाढूनही विलंब वाढतो.

दुसरी चूक एकाच पट्टीची. १६ जीबीची एक पट्टी घेतली तर एकच मार्ग वापरात येतो. त्याऐवजी ८-८ जीबीच्या दोन घेऊन प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खोबणीत बसवाव्यात. २६६६ ची एक पट्टी सेकंदाला २१.३ जीबी माहिती वाहते. ३२०० च्या दोन पट्ट्या ५१.२ जीबी. वेगळे कार्ड न घेता रायझन ५ ५६००जी च्या आतल्याच व्हेगा ग्राफिक्सवर खेळणाऱ्यांना, आणि कमी खर्चात भागवणाऱ्या घरांत असे संगणक पुष्कळ आहेत, हा फरक सगळ्यांत मोठा. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते याच रॅमवर जगते. ज्या दुकानदाराने अशा संगणकात एकच पट्टी बसवली आणि वर ओव्हरक्लॉकचे पैसे घेतले, त्याने गिऱ्हाइकाचे नुकसानच केले असे माझे स्पष्ट मत आहे.

एक सावधगिरी. डीडीआर ५ च्या बोर्डावर प्रोफाइल सुरू केल्यानंतर पहिल्यांदा चालू होताना पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून वीज बंद करू नये. दहा-पंधरा मिनिटांनीही काही दिसले नाही तर वीज काढून, बोर्डावरचा सीआर २०३२ सेल पाच मिनिटे बाहेर ठेवून परत बसवावा. सगळी सेटिंग मूळ पदावर येतात. चार पट्ट्या भरल्या असतील तर प्रोफाइल न चालण्याची शक्यता खूपच वाढते. रायझन ७००० साठी एएमडीची अधिकृत मर्यादाच दोन पट्ट्यांना ५२०० आणि चार पट्ट्यांना ३६०० अशी आहे.

ग्राफिक्स कार्डाकडे वळू. आरटीएक्स ३०६० सारख्या कार्डावर कोअरचा, म्हणजे मुख्य चिपचा, वेग आफ्टरबर्नरमधून १०० ते १५० मेगाहर्ट्झ वाढवता येतो आणि ६० फ्रेमच्या ६३ होतात. करायचेच असेल तर १५-१५ मेगाहर्ट्झने चढावे, कारण एनव्हिडियाचे कार्ड त्याच पायऱ्यांनी चालते, आणि प्रत्येक पायरीला दहा मिनिटे जड दृश्य चालवून पाहावे. मेमरी ताणताना एक फसवी गोष्ट होते. कार्डावरची जीडीडीआर ६ मेमरी माहिती पोचवताना झालेली चूक ओळखते आणि ती माहिती पुन्हा मागवते. त्यामुळे पडद्यावर ठिपके दिसत नाहीत, गेम बंद पडत नाही, फक्त फ्रेम कमी होतात. आकडा वाढवला की वेग वाढलाच, असे धरून चालणारे इथे फसतात. दर १०० मेगाहर्ट्झला फ्रेम मोजाव्यात आणि त्या वाढायच्या थांबल्या की १०० मागे यावे.

पण आपल्या हवेत त्याहून शहाणपणाचे काम म्हणजे व्होल्टेज उतरवणे. आधी मूळ सेटिंगवर पंधरा मिनिटे गेम खेळून कार्ड कोणत्या वेगावर आणि व्होल्टेजवर स्थिरावते ते टिपावे. समजा १,९०० मेगाहर्ट्झ आणि १.०५ व्होल्ट आले. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ एकत्र दाबले की व्होल्टेज आणि वेगाचा आलेख उघडतो. कोअरच्या रकान्यात उणे २०० घालून सगळा आलेख खाली आणावा. मग ०.९०० व्होल्टचा बिंदू उचलून १,८५० वर ठेवावा आणि सेटिंग लागू करणारी टिकमार्क खूण (✓) दाबावी. त्याच्या उजवीकडची रेघ सपाट झाली पाहिजे; झाली नाही तर कार्ड पुन्हा वरच्या व्होल्टेजवर पळेल. गेम बंद पडला तर १५ मेगाहर्ट्झने खाली यावे किंवा व्होल्टेज ०.०२५ ने वाढवावे. प्रत्येक चिप निराळी, दुसऱ्याचे आकडे उतरवून घेऊन चालत नाही. नीट जमले तर फ्रेममध्ये दोन-चार टक्क्यांहून जास्त घट येत नाही, आणि १७० वॉटचे कार्ड वीस-तीस वॉट कमी खाते. पंखे शांत होतात, आणि कार्ड आधीच तापून वेग उतरवत असेल तर उन्हाळ्यात फ्रेम उलट वाढतातही.

रायझन प्रोसेसरवरही हीच वाट धरावी. सगळे कोअर (प्रोसेसरमधले गणन करणारे स्वतंत्र भाग) हाताने एकाच वेगावर बांधले तर एक-दोन कोअर जो जास्तीचा वेग गाठत असतात तो हरवतो आणि ज्या गेमचा भार मुख्यतः एका-दोन कोअरवर असतो ते हळू होतात. त्याऐवजी बायोसमध्ये पीबीओ या एएमडीच्या वेगवाढीच्या पर्यायात कर्व्ह ऑप्टिमायझर असतो, जो कोअरचे व्होल्टेज थोडे थोडे उतरवतो. सगळ्या कोअरना उणे १० पासून सुरुवात करावी. एक अंक म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. उणे ३० ही बहुतेक बोर्डांवरची शेवटची पायरी, पण सर्वच कोअर तिथवर जात नाहीत. सर्वांत चांगले ठरवलेले कोअर आधीच काठावर असल्याने बहुधा कमी सहन करतात. या पद्धतीची खोड अशी की सिनेबेंचसारखी जड चाचणी तासभर सुखरूप चालते आणि संगणक नुसता उभा असताना, गाणी ऐकताना, अचानक रीस्टार्ट होतो. कमी भारावर कोअर सर्वांत वरचा वेग गाठतात आणि तिथेच व्होल्टेज तोकडे पडते. म्हणून एकेका कोअरची पाळी लावणारे कोअरसायकलर हे साधन रात्रभर चालवावे आणि सकाळी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरची, म्हणजे हार्डवेअरच्या चुकीची, १८ किंवा १९ क्रमांकाची नोंद आहे का ते पाहावे. असेल तर त्या कोअरचा उणे आकडा पाचने शून्याकडे आणावा.

रॅमची तपासणी मेमटेस्ट ८६ ने, चारही फेऱ्या पूर्ण होईपर्यंत. एकही चूक चालणार नाही. अस्थिर रॅम गेम बंद पाडून थांबत नाही. फाइल जतन होताना त्यात चुकीची माहिती घुसते आणि महिन्याभराने विंडोज उघडेनासे होते. अभ्यासाच्या, कार्यालयाच्या फाइली त्याच संगणकावर असतात हे विसरू नये. कार्डासाठी थ्रीडीमार्कची २० फेऱ्यांची ताण-चाचणी पुरे; तिला ९७ टक्के स्थिरता लागते.

व्होल्टेजचा धोका कागदी नाही. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे कायमची झीज होत असल्याचे २०२४ मध्ये समोर आले. कंपनीने नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची सुधारणा) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्यातले लक्षण मोठे दिशाभूल करणारे होते : गेम सुरू होताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश यायचा आणि लोक ग्राफिक्स कार्ड बदलत बसायचे. त्याआधी एप्रिल २०२३ मध्ये काही रायझन ७००० एक्स ३डी प्रोसेसर जळाल्याचे प्रकार उघड झाले. एक्सपो सुरू केल्यावर काही बोर्ड एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांचे) फार चढवत होते. मग एएमडीने बायोसमधून त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. म्हणून या दोन्ही प्रकारच्या प्रोसेसरवर कुठलेही सेटिंग बदलण्याआधी बायोस अद्ययावत करावा. मात्र तो करताना वीज जाता कामा नये. आपल्याकडे दुपारच्या भारनियमनाच्या वेळी हे काम काढू नये.

विजेवरून आठवले. घरोघरी दिसणारा ६०० व्हीए चा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॉटच्या आसपास पेलतो. ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर आणि कार्ड मिळून क्षणभर त्याच्या वर गेले की यूपीएस किंचाळतो आणि सगळे बंद. दोष एसएमपीएसचा (संगणकातल्या वीजपुरवठ्याच्या डब्याचा) समजून तो बदलला जातो.

थंडाव्याचे दोन-तीन उपाय मात्र निखालस फुकटचे आहेत. कॅबिनेटची बाजूची काच काढून तोच गेम पंधरा मिनिटे चालवावा. तापमान सात-आठ अंशांनी उतरले तर हवा आत यायला वाट नाही असे समजावे. पुढून हवा आत आणि मागून-वरून बाहेर, अशी पंख्यांची तोंडे तपासावीत. महिन्या-दोन महिन्यांनी ब्लोअरने धूळ उडवावी आणि त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग खराब होते. आणि विदर्भ-मराठवाड्यात खिडकीला पाण्याचा कूलर असतो, त्याच्या झोतासमोर संगणक ठेवू नये. खोली थंड होते हे खरे, पण झोताबरोबर तुषार येतात आणि बोअरच्या पाण्यातले क्षार बोर्डावर पांढरे थर धरतात. झोत संगणकाच्या आडवा जाईल, अंगावर येणार नाही, अशी जागा शोधावी.

दुकानदार मित्रांना एक विनंती आहे. ओव्हरक्लॉक केलेला संगणक देताना बिलासोबत एक कागद द्यावा. त्यावर बायोसची आवृत्ती, रॅमचा वेग आणि सीएल, प्रोसेसरला दिलेले व्होल्टेज, केलेल्या चाचण्यांची नावे आणि किती तास, आणि चाचणीच्या वेळी दुकानातले तापमान लिहिलेले असावे. वेग आणि व्होल्टेज बदलल्याने झालेले नुकसान कंपन्या सहसा वॉरंटीत धरत नाहीत, हेही त्याच कागदावर यावे. ते गिऱ्हाइकाला आधी कळले पाहिजे. आणि आपल्या दैनिकाने संगणक वा लॅपटॉपची परीक्षणे छापताना फ्रेमच्या आकड्याशेजारी खोलीचे तापमान आणि सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा आकडाही छापावा. तसेच शक्य असेल तर तीच चाचणी एकदा मे महिन्यात, वातानुकूलन बंद ठेवून, पुन्हा घ्यावी.

आपला,
एक संगणक तंत्रज्ञ, नागपूर